पापनाशमचे कोठार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक सहलीनंतर मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सहलीचा वृत्तांत सांगण्याचे काम चिटणीसांनी माझ्यावर का सोपविले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ठिकाण माझ्या हट्टाने ठरले होते. तरुण मंडळींना पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या बागेत जावयाचे होते. ज्येष्ठांना कुंभकोणची देवळे करावयाची होती. मी मध्येच पापनाशमचे नाव काढले. ‘तेथे काय आहे?’ असे विचारले गेले, तेव्हा मी सांगितले, ‘धान्याचे कोठार.’ त्यावर एक भगिनी म्हणाल्या, ‘काका, जन्मभर गोदामात नोकरी केलीत, आता रविवारीही गोदामच का?’ मोठा हशा झाला आणि त्या हशातच ठराव संमत झाला. तेव्हा आजचे भाषण हा वृत्तांत नसून आरोपीचा जबाब आहे, असे समजावे.

निमंत्रणपत्रिकेत ‘ऐतिहासिक उद्योगस्थळास भेट’ असे भारदस्त शब्द छापले होते. ते शब्दही माझेच. औद्योगिक वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरणगावची धुराडी उभी राहतात. कोणाला वाफेची इंजिने आठवतात, कोणाला २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस आठवते. बसमध्ये मुले मला सारखी विचारीत होती, ‘आजोबा, तिथे मशीन किती मोठे आहे?’ मी आपला ‘बघा, बघा’ म्हणत होतो. शिवाय एका कुटुंबाने टॉवेल आणि कोरडे कपडे आणले होते. पापनाशम म्हणजे तिरुनेलवेलीकडचे, धबधब्यांचे, असा त्यांचा समज झाला होता. ते टॉवेल पुढे जेवणानंतर हात पुसण्यास उपयोगी पडले.

जानेवारीचा अखेरचा रविवार होता. तिरुच्चिराप्पळ्ळीहून सकाळी सातला निघालो. रेल्वेतली कुटुंबे होती, कारखान्यातली होती, बँकेतली होती. आणि खानापूर-आटपाडीकडून सोने गाळण्याच्या धंद्यासाठी येथे येऊन स्थायिक झालेले आपले गलाई बांधवही होते. डब्यांत थालीपीठ होते तसा लिंबूभातही होता. तो कोणी आणला होता हे विचारू नये. तो आता सर्वांच्याच घरचा झाला आहे.

वाटेत तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात थांबलो. तेथे आपण नेहमी काय करतो? थेट नैर्ऋत्येच्या ओवरीकडे जातो, भिंतीवरचा १८०३ सालचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख बघतो, एखादी ओळ मोठ्याने वाचतो, छायाचित्र काढतो आणि समाधानाने बाहेर पडतो. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी उभारलेले ते विमान मागे उभेच असते; आपण आपले नाव वाचून परततो. मी टीका करीत नाही, कारण मीही तेच करीत आलो आहे. परमुलखात राहणाऱ्या माणसाला दगडावर स्वतःची भाषा दिसली की पाय थबकतातच. परंतु त्या दिवशी मला मंडळींना अशा एका जागी न्यावयाचे होते, की जेथे आपले नाव कोठेही नाही.

तंजावर सोडले की कुंभकोणच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवर पापनाशम लागते. तमिळ घरांत हे नाव प्रथम आठवते ते पापनाशम शिवन यांच्यामुळे. १८९० ते १९७३ अशा दीर्घ आयुष्यात त्यांनी कर्नाटक संगीताला असंख्य कीर्तने दिली. तो रस्ता त्या दिवसांत पाहण्यासारखा असतो. पोंगल नुकताच होऊन गेलेला, सांबा भाताची कापणी चालू, आणि डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर धान वाळत घातलेले. चालक निमूटपणे बस एका बाजूने नेतो. आमच्यापैकी एकाने ‘ही काय शिस्त?’ असा प्रश्न केला. मी म्हणालो, ‘या गावात डांबराइतकी कोरडी आणि गरम जागा दुसरी नाही. ओले धान ठेवले तर काय होते ते मी पाहिले आहे.’

काय पाहिले, ते सांगतो. एरवी माझा हट्ट तुम्हांला कळणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका भातगिरणीच्या आवारातील मालावर देखरेख करीत होतो. गिरणीचे नाव सांगत नाही. ऑक्टोबरचा महिना होता. कावेरीच्या मुलखात कुरुवै नावाचे भाताचे पीक जूनमध्ये मेट्टूरचे पाणी सुटल्यावर लावतात. ते कापणीस येते नेमके ईशान्येच्या पावसाच्या तोंडावर. माल उघड्यावर होता, वर ताडपत्री होती, आणि पाऊस तीन दिवस थांबला नाही. ताडपत्रीवर माझा पूर्ण विश्वास होता. चौथ्या दिवशी ती उचलली तेव्हा आतून वाफ आली. ढिगात हात घातला तो भाजल्यासारखा झाला, आणि कडेने हिरवे कोंब फुटलेले दिसले. धान हे सजीव असते, ते श्वास घेते. ओल राहिली की ते स्वतःच्याच उष्णतेने तापते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते हाताला कळले. आवाराबाहेर एक शेतकरी उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने मूठभर कोंब उचलले, पाहिले आणि खाली टाकले. त्यानंतर चाळीस वर्षांत मी हजारो पोती तपासली, परंतु दाताखाली दाणा ‘टक्’ असा फुटल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

आता कोठाराकडे वळू. पापनाशमला लागूनच तिरुप्पालैतुरै हे तेवारातील प्राचीन शिवक्षेत्र आहे. तेथील पालैवननाथाच्या देवळाच्या आवारात हे कोठार उभे आहे. तमिळमध्ये त्याला ‘नेल् कळंजियम्’ म्हणतात. नेल् म्हणजे साळीचे धान. विटा-चुन्याची गोल इमारत, सुमारे ३५ फूट उंच, वर निमुळती होत गेलेली. बांधणी तंजावरच्या नायकांची, १६०० ते १६३४ या काळातली, म्हणजे रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीतली. ज्या रघुनाथाने १६२० साली डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तरंगंबाडी दिली, तोच हा राजा. कोठाराची क्षमता ३००० कलम सांगतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्यास संरक्षित स्मारक म्हणून घोषित केले आहे.

मुलांची निराशा लपली नाही. ‘मशीन कुठे आहे?’ मी म्हणालो, ‘हेच मशीन. याला चाक नाही, एवढेच.’ मग त्यांना समजावून सांगावे लागले. भिंत गोल का? धान ओतले की ते बाहेरच्या बाजूस रेटते. चौकोनी भिंतीचे कोपरे त्या रेट्याने फाटू पाहतात, गोल भिंत तो रेटा सगळीकडे सारखा वाटून घेते. शिवाय कोपरा नाही म्हणजे धान अडकून कुजावयाला जागा नाही. माथा निमुळता का? पाऊस थांबू नये म्हणून. जाड वीट आणि चुना का? बाहेर ऊन कितीही असो, आतली हवा फारशी बदलू नये म्हणून. आणि तांदूळ न भरता साळ का भरावयाची? कारण दाण्यावरचे टरफल हे त्याचे निसर्गदत्त चिलखत आहे. ते काढले की सोंडकिड्यांना मेजवानीच. अशा कोठाराचा साधा नियम म्हणजे वरून भरावे आणि खालून काढावे. म्हणजे जे आधी आले ते आधी जाते, जुने तळाशी पडून राहत नाही. आजच्या गोदामांत यासाठी नोंदवह्या ठेवतात, आणि तरी जुने पोते मागे राहते ते राहतेच.

मुलांनी हात धरून फेर धरावयाचे ठरविले. चौदा मुले होती. भिंतीला स्पर्श न करता त्यांनी कडे केले, परंतु फेर पुरा झाला नाही.

आपल्याकडे या वस्तूला शब्द कमी नाहीत. बांबूची, शेणाने सारवलेली कणगी, भिंतीतले बळद, जमिनीत खणलेले पेव, किल्ल्यावरचा अंबारखाना. पन्हाळगडावर गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची तीन कोठारे आहेत. तेथेही धान्य वरच्या झरोक्यांतून ओतीत. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी मावत असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा गड इतके महिने तग धरून राहिला. त्या कथेत आपल्याला तलवारी ऐकू येतात, कोठ्या दिसत नाहीत. माझ्या आजोळी सातारा जिल्ह्यात ओसरीवर कणगी होती. मळणीनंतर आजोबा पायलीने धान्य मोजून आत टाकीत. पहिली पायली टाकताना ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. आम्ही मुलांनी मध्ये बोललेले त्यांना खपत नसे.

तिरुप्पालैतुरैला आम्हांला माहिती देण्यासाठी तंजावरचे एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम आले होते. त्यांचे घराणे एकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे १६७५-७६ पासून या मुलखात आहे, अशी घरची परंपरा. त्यांना हाक कशी मारावी हा प्रश्न पडला नाही. मराठीतही अण्णा आणि तमिळमध्येही अण्णाच. अण्णा मराठीत बोलू लागले. ही मराठी तंजावरची होती. शब्द कित्येक असे की बखरीखेरीज कोठे भेटू नयेत. हेल मात्र पुरता तमिळ. वाक्य संपता संपता सूर वर जावयाचा. दोन-तीन वाक्ये झाली आणि मुले हसू लागली. एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, ‘हे कसले मराठी?’ हसणाऱ्यांत माझी नातही होती. आणि खोटे कशाला बोलू, माझ्याही ओठांवर हसू आले होते.

अण्णा थांबले. त्यांचे शब्द मला तसेच्या तसे उच्चारता येणार नाहीत. अर्थ असा होता : ‘बाळांनो, आमच्या घरी तीनशे वर्षांत गावाकडून पत्र आले नाही. जे बोलणे बरोबर आणले होते, तेच पुरवून पुरवून वापरले.’ रागाचा लवलेश नव्हता. एवढे बोलून ते पुन्हा कोठाराकडे वळले आणि त्याविषयी सांगू लागले.

मला त्या क्षणी फार ओशाळल्यासारखे झाले. आपण येथे येऊन पन्नास वर्षे झाली म्हणून मंडळाचा सुवर्णमहोत्सव करतो. गणेशोत्सव, कोजागिरी, वार्षिक नाटक, पुण्या-मुंबईहून येणारे पाहुणे, सुट्टीत गावी जाणे. इतकी रसद असूनही आपल्या मुलांच्या तोंडी काय भाषा आहे, ते पालकांनी आपापल्या घरी पाहावे. मी माझ्या घरापुरते बोलतो. माझी नात मराठी बोलते, परंतु देवनागरी वाचताना अडखळते. तमिळ मात्र शाळेमुळे घडाघडा वाचते. या अण्णांच्या पूर्वजांना १८५५ साली राज्य खालसा झाल्यानंतर राजाश्रयही उरला नव्हता. सरस्वती महालात मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचणारे विरळ झाले. घराघरांतली मराठी मात्र कोणी सांगितल्याशिवाय चालू राहिली.

‘हे कोठार आपले आहे का?’ हा प्रश्न एका काकूंनी विचारला. सरळ उत्तर असे की नाही. बांधणारे तेलुगू भाषिक नायक, देव तमिळांचा, पिकविणारे हात तमिळ कुळांचे. भोसले आले तेव्हा हे उभेच होते. परंतु तंजावरच्या मराठी राज्याचा महसूल मोठ्या प्रमाणात धान्याच्याच रूपाने येत होता. देवळातील सेवेकऱ्यांचे वेतन धानाने दिले जात होते. सरफोजीराजांनी १९व्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधले. तेथे वाटसरूंच्या पंगती उठत, त्यांतील भातही याच मुलखातल्या शेतांचा. १७८१ साली हैदरअलीच्या स्वारीने हा मुलूख उद्ध्वस्त झाला. त्या उपासमारीत मराठी घर आणि तमिळ घर असा भेद राहिला नसणार. आपले नाव कोरलेले असलेच तर ते येथे भिंतीवर नाही, इतकेच मी काकूंना म्हणालो. त्यांचे पुरते समाधान झाले नाही.

नातीने मात्र माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला : ‘आजोबा, हे भरले तर किती माणसे जेवतील?’ तेथेच पायरीवर बसून हिशेब केला. बारा मरक्काल म्हणजे एक कलम. या भागात दोन कलमांचे एक पोते धरतात, सुमारे ६० किलोंचे. म्हणजे ३००० कलमांची १५०० पोती, ९० टन साळ. भरडल्यावर दोन तृतीयांश, म्हणजे ६० टन तांदूळ. माणशी रोज अर्धा किलो धरला तर सव्वातीनशे माणसांचे एक वर्ष निघते. जुन्या काळी माप गावोगाव बदलत असे, तेव्हा हा हिशेब अदमासाचा. ‘इतकेच?’ ती म्हणाली. आजचे साधे गोदामसुद्धा ५००० टनांचे असते, तेव्हा तिचे म्हणणे खरे होते. पाटण्याला १७८६ साली इंग्रजांनी गोलघर बांधले. ते जवळजवळ ९५ फूट उंच आहे, १७७० च्या दुष्काळाने हादरून बांधलेले, आणि ते पुरते भरले असे कधी झालेच नाही. त्याचे दरवाजे आत उघडतात, तेव्हा भरल्यावर ते उघडले कसे असते, असा विनोदही लोक सांगतात. मला स्वतःला सव्वातीनशे माणसांचे कोठार अधिक आवडते. त्यातले धान कोणाच्या शेतातले आणि कोणाच्या पानात जाणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक होते. पुढे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, गिरण्या आल्या, पोती वाघिणींत चढू लागली आणि धान गावात थांबेनासे झाले. कोठारे ओस पडली ती बहुधा यामुळे, असे माझे मत आहे. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले जिल्हा कार्यालय तंजावरलाच निघाले. साठवण्याचे ओझे पुन्हा त्याच जिल्ह्यावर आले.

नातीने मग अण्णांना विचारले, ‘तुमच्या घरी असे काही होते का?’ अण्णा म्हणाले, ‘माझ्या थोरल्या बहिणीला आठवत असेल. विचारून कळवितो.’ आपण असे आश्वासन देतो आणि विसरतो. मी तर विसरलोच होतो.

जेवणे देवळाबाहेर झाडाखाली झाली. परतीच्या वाटेवर मुले झोपली. चिटणीसांनी हिशेब सादर केलाच आहे. त्यात माणशी काही रुपये कमी पडले, ते ज्यांनी दिले नाहीत त्यांनी आज द्यावेत.

दहा-बारा दिवसांनी अण्णांचे पत्र आले. उघडले आणि माझी पंचाईत झाली. पत्र मराठीत होते, परंतु लिपी तमिळ. तंजावरकडच्या अनेक मराठी घरांत असेच लिहितात. मला येथे चाळीसहून अधिक वर्षे झाली. बसवरची पाटी वाचण्यापलीकडे माझे तमिळ वाचन गेलेले नाही, हे कबूल केलेले बरे. शेवटी नातीला बोलाविले. ती वाचू लागली. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या सर्वांना एकच अक्षर, त्यामुळे ती ‘घर’चे ‘कर’ वाचावयाची, ‘भात’चे ‘पात’. मी ऐकून दुरुस्त करावयाचा, ती मान डोलावून पुढे जावयाची. तिच्या तोंडून अण्णांची वाक्ये, अण्णांचे जुने शब्द, आणि नकळत तो वर जाणारा सूरही येऊ लागला.

बहिणीला आठवत होते. घरात लाकडी पत्तायम होते, माणूस उभा राहील इतके खोल. वर्षअखेर तळाचे धान झाडून काढण्यासाठी सर्वांत लहान मुलाला आत उतरवीत. एका वर्षी ही बहीणच उतरली होती आणि आत झोपी गेली होती. धान मोजावयाला वडील स्वतः बसत.

शेजारच्या मामी विरजण मागावयास आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना मराठीचा गंध नाही. नात अक्षर लावून वाचीत होती, ‘लापम, दोन, तीन...’ आणि मामी एकदम तमिळमध्ये म्हणाल्या, ‘अगं, तुमच्यातही पहिल्या मापाला लाभच म्हणतात?’